न्हाय दुखत

करीमने ओठ मुडपून बोकडाचा आवाज काढला आणि खाटेवरची अरिबा खुदकन हसली. ते हसू अर्ध्यातच तुटलं. तिने कुशीवर हात दाबला, डोळे गच्च मिटले आणि आवाज न काढता नुसतीच थरथरत राहिली.

"तुमी भायेर जावा," अनिसा नवऱ्याला म्हणाली.

"मी काय केलं?"

"तुमी आला की ती हसती. हसली की टाके वढत्यात. कळत न्हाय का?"

करीम बाहेर गेला.

न्यूमोनियात अरिबाच्या फुप्फुसाभोवती पू साठला होता. सांगोल्याच्या डॉक्टरांनी सोलापूरला पाठवलं. इथे छातीचं ऑपरेशन करून तो काढला. कुशीत एक नळी अजून होती. आता पोरीने खोल श्वास घ्यायचा, खोकायचं, म्हणजे दबलेलं फुप्फुस पुन्हा फुलेल, असं डॉक्टर सांगत होते.

करीम डाळिंबांचा टेम्पो चालवायचा. माणूस तसा अबोल. लेकीशी मात्र त्याचं सगळं बोलणं सोंगांतून चाले. अडत्याची चाल, टँकरपाशी भांडणाऱ्या बायका, गिअर अडकलेला टेम्पो. तिला ताप आला तरी सोंग, ती शाळेतून रडत आली तरी सोंग. ते काढून घेतल्यावर त्याला काय करावं ते सुचेना. तो जिन्यावर बसे, उठे, रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत जाई आणि चहा न घेताच परत येई. रस्त्यावरचं डांबर उन्हाने मऊ झालं होतं, चपला चिकटत होत्या. वॉर्डाच्या दाराला काच होती. तिच्यातून अरिबा दिसली की तो झटकन बाजूला होई. न जाणो, तिची नजर पडायची.

असेच दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी डॉक्टर बाहेर आले.

"फुप्फुसाचा खालचा भाग उघडत नाहीये. तापही चढतोय. ती खोकतच नाही. असंच राहिलं तर पुन्हा ऑपरेशनला घ्यावं लागेल."

"दुखत आसंल की, सायेब."

"रोजचं औषध चालू आहे. दुखलं तर आणखी देता येतं. पण सिस्टर विचारतात तेव्हा ती दुखत नाही म्हणते."

करीम आत शिरला.

धम्मप्रिया सिस्टर खाटेशी उभी होती. तिच्या हातातल्या कार्डावर ओळीने चेहरे काढले होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. अरिबाचं बोट हसऱ्या चेहऱ्यावर होतं. दुसऱ्या हाताने तिने चादर मुठीत आवळली होती.

"मग खोकून दाखव बघू," सिस्टर म्हणाली.

अरिबाने मान हलवली. तेवढ्यात तिला बाप दिसला.

"अब्बा, मला न्हाय दुखत आता. तुमी हितंच बसा."

करीमला कळेना.

"मला दुखतंय म्हणून अम्मीनं तुमाला घालवलं. आता न्हाय दुखत. सिस्टरला मी रोज सांगती की."

अनिसाच्या हातातला पेला तिथेच थांबला. ती स्टुलावरून उठली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

करीम स्टुलावर बसला. सवयीने त्याचे ओठ मुडपले गेले. त्याने ते तळहाताने पुसले.

"अरिबा, किती दुखतंय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"ह्यो कुणाचा आवाज हाय?"

"माझाच हाय. खरं सांग. दुखलं तरी मी न्हाय जानार."

तिने अम्मीकडे पाहिलं.

"न्हाय घालवनार," अनिसा म्हणाली.

मग अरिबाने मोठ्यांदा गळा काढला. "लई दुखतंय, अब्बा. लई." शेजारच्या खाटांवरच्या बायका वळून बघू लागल्या. सिस्टर इंजेक्शन आणायला गेली.

औषध लागू पडल्यावर सिस्टरने खोकताना टाक्यांना आधार म्हणून एक उशी अरिबाला छातीशी धरायला दिली. करीमने लेकीच्या हातांवर हात ठेवले.

"हसवू नका हां," अरिबा म्हणाली.

"न्हाय हसवत."

ती खोकली. रडली, पुन्हा खोकली. करीमचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने हात काढले नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत खालचा भाग थोडा उघडलेला दिसला. ऑपरेशनचं आत्ताच नको, बघू, असं डॉक्टर म्हणाले. अरिबाची मात्र सकाळपासून कुरकुर चालली होती. नळी टोचते. खाट हलवू नका. हितं दुखतंय, नगं, हितं न्हाय, तितं.

"लई पिडाया लागली की हो," अनिसा हळूच म्हणाली.

करीम उशी सारखी करत होता.

"पिडू दे."