दमयंतीच्या घरातला ओव्याचा अर्क

"आई, ते लावू नका! तान्हं पोर आहे ते, पापलेट नाही!"

"गप बस गो! तुजा नवरा ओव्यावरच वाढवलाय मी. तू मना शिकवू नको."

ही ओरडणारी माधुरी, पनवेलची. आणि मला मुठीत धरून उभी ती तिची सासू दमयंती, गव्हाणची मासेवाली.

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, ओव्याच्या अर्काची. पनवेलच्या बाजारात महादेवकाकांचं काष्ठौषधीचं दुकान आहे. तिथं तांब्याच्या भांड्यात ओवा उकळतात, वाफ गार करतात आणि वर तरंगणारं तेल टिपून घेतात. थोडं साबणात जातं, थोडं दंतमंजनात. बाकीचं माझ्या पोटात.

गव्हाणात माझा मान मोठा. दाढ ठणकली की कापसाच्या बोळ्यावर मी. खाडीच्या चिखलानं बोटांत चिखल्या झाल्या की खोबरेल तेलात मी. भज्यांच्या पिठातही माझा एक थेंब. काम झालं की मात्र बूच अर्धवट लावून मला मिठाच्या बरणीमागं ढकलायचे. कुणी पुसायचंसुद्धा नाही.

आज सकाळपासून बाळाची छाती घरघरतेय. एरवी दमयंती ओवा तव्यावर तापवून, फडक्यात बांधून शेकते. पण घरातला ओवा बाळंतिणीच्या धुरीत संपला. म्हणून तिनं मला काढलं.

"ओव्याचाच रस हाय ना?" ती म्हणाली आणि तिनं आधी स्वतःच्या तळहातावर थेंब टाकला. "बघ, काय झाला का?"

काही झालं नाही. होणार कसं? बर्फात नि मिठात तो हात राठ झालेला. मला असला राग आला! पण बाटली कुठं ओरडते?

तिनं बोट बाळाच्या छातीवर फिरवलं.

कातडी लालभडक झाली. बाळ किंचाळलं आणि मग त्याचा श्वासच अडखळला. माधुरीनं त्याची छाती पुसली, त्याला उचललं. दमयंती भिंतीला टेकली.

"रिक्षा बोलवा आई," माधुरी हळूच म्हणाली. "डॉक्टरांना सांगू, माझ्या हातून सांडलं म्हणून."

"नाय. मी लावला, मीच सांगन. ही बाटली पन दाखवन."

मित्रांनो, माझ्या एका थेंबात मूठभर ओव्याचा जाळ असतो. मला जपून वापरा, पातळ करून वापरा. आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला तर लावूच नका.

रिक्षा आली. दमयंतीनं मला पदराच्या गाठीत बांधलंय. बाळ अजून कण्हतंय. मला आता जायला हवं.