उशी तीच, गाव नवं

"मावशी, तुम्हाला आमचं शहर आवडत नाही का?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. त्यातली एक भोंगा, कारण तिच्या कुजबुजीने सगळा वर्ग जागा होतो, आणि दुसरी शंकासुरी. गेल्या वर्षीपर्यंत मी एवढी भित्री होते की बसमध्ये आपला थांबा आला तरी कंडक्टरला सांगायचे नाही, पुढच्या थांब्यावर उतरून निमूट चालत यायचे. मग शाळेच्या नाटकात खलनायकाचं काम केलं, आणि तेव्हापासून तोंडाचं कुलूप जे हरवलं ते हरवलंच.

खरं तर हा प्रश्न आमच्या अख्ख्या घराच्या घशात अडकला होता. आम्ही वरची खोली पाहुण्यांना देतो. खिडकीत समुद्र, खाली बंदराकडे उतरणारी गल्ली, आणि शांतता इतकी की शेजारच्यांनी जांभई दिली तरी कळतं. लोक दोन दिवस येतात, लाटा बघतात, जातात. या मावशी मात्र महिनाभरासाठी आल्या आणि रोज सकाळी डबा घेऊन थेट बसस्थानकावर. समुद्राकडे पाठ. दिवेलागणीला परत.

आईने ते मनाला लावून घेतलं. आधी पडदे बदलले, मग पलंग खिडकीशी सरकवला. बाबा होड्या रंगवतात, त्यांनी खोलीचं दार रंगवून दिलं, ते अर्थातच होडीसारखं दिसायला लागलं. तरी मावशींचं जाणं सुरूच. शेवटी आईने उशी बदलली. नवीकोरी, टम्म फुगलेली.

दुसऱ्या दिवशी मावशी ती उशी काखेत मारून जिन्यात उभ्या.

"माझी चपटी उशी कुठंय?"

"अहो, अगदी जुनी झाली होती ती," आई म्हणाली.

"आत्ता कुठे माझ्या डोक्याच्या मापाची झाली होती."

आईचा चेहरा पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला. त्याच संध्याकाळी मी जिन्यातच मावशींना गाठलं आणि पैजेचा प्रश्न विचारून टाकला.

त्या पायरीवर बसून आधी पोटभर हसल्या. "अगं, मी लांब पल्ल्याची बस चालवायचे. नोकरीभर रोज वेगळा डेपो, वेगळी खाट, कुणाची तरी उशी. गावं म्हणशील तर एकही धड बघितलं नाही. गाडी लावा, झोपा, पहाटे गाडी काढा. आता उलटं करतेय. उशी एकच, गावं रोज नवी. त्याला असंच शहर लागतं. सगळीकडे गाड्या जातात आणि झोपेत कुणी हॉर्न मारत नाही."

"मी दहावीनंतर मामाकडे जाणार," मी उगाच सांगितलं. "मला इंजिनं शिकायचीत, इथे तो विषय नाही. मग फक्त सुट्टीला घरी."

"जायचंय, का जावं लागणार?"

मी, बिनकुलपाची, जिन्याचा कठडा नखाने खरवडत बसले.

"आजूबाजूच्या गावांत बघितलंस?"

"नाही. बाबा रविवारी मामाला फोन करून पक्कं सांगणार आहेत."

"मग शनिवार आपला," मावशी म्हणाल्या.

शनिवारी आम्ही नदीच्या मुखावरच्या गावी गेलो. मावशी ड्रायव्हरच्या मागे बसल्या, आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जात होता. "बिचारा ब्रेक उशिरा मारतो," त्या पुटपुटायच्या. गावात होड्या दुरुस्त करायच्या धक्क्याला लागूनच एक कॉलेज निघालं. कार्यशाळेत कोपरापर्यंत काळी झालेली एक ताई इंजिन उघडून बसली होती. हे काय, ते का फिरतं, हा स्क्रू नसला तर काय, माझी सरबत्ती संपेचना.

"तू इथे प्रवेशच घे बाई," ती म्हणाली. "म्हणजे पुढच्या वर्षी माझ्याऐवजी मास्तरांचं डोकं खाशील."

परतीच्या बसमध्ये मी मावशींच्या खांद्यावर झोपले. समुद्राचा वास आला तशी जागी झाले, आणि आमचा थांबा मी स्वतः कंडक्टरला ओरडून सांगितला.

रविवारी बाबा फोन घेऊन बसले. आई म्हणाली, "लवकर लावा, वहिनीने कपाटातला एक कप्पा हिच्यासाठी रिकामा करून ठेवलाय."

"मामीला म्हणावं, कप्पा परत भरून टाक," मी म्हणाले. दोघांनी वर बघितलं. "बाबा, मी मामाकडे जात नाही. नदीच्या मुखावर कॉलेज आहे, काल बघून आले. तिथे इंजिनं शिकणार. सकाळी जाणार, संध्याकाळी घरी. आणि आई, माझ्या खोलीतलं काहीही बदलायचं नाही. उशी तर मुळीच नाही."