कॉलेजात मी तुझा बाबा नाही

मुलगी प्राध्यापक म्हणून त्याच विभागात रुजू झाली, तेव्हा प्रयोगशाळा सहायक असलेल्या बापाने तिला बजावलं होतं, "कॉलेजात मी तुझा बाबा नाही. नाहीतर लोक म्हणतील, बापाने चिकटवली." वर्षभर तो तिला मॅडम म्हणत आला आणि ती त्याला काका.

आज बाहेरून तपासणी समिती आली होती. तिच्या वर्णपटमापकाचे, म्हणजे स्पेक्ट्रोमीटरचे, आकडे बघून समितीच्या बाई चकित झाल्या. "इतकं जुनं यंत्र इतकं अचूक कसं?"

"आमचा विभागच तसा आहे," विभागप्रमुख छाती फुगवून म्हणाले.

"यंत्राचा आरसा दर सोमवारी हे जुळवतात," मुलगी टेबलाशी उभ्या बापाकडे हात करून म्हणाली. "मलाही यांनीच शिकवलं. माझे बाबा आहेत."

बाप दोन पावलं मागे सरला. आता पोरीची नाचक्की होणार! पण बाई त्याच्याकडेच वळल्या. "मग दाखवा की, कसा जुळवता?"

त्याने मुलीकडे पाहिलं. ती मान ताठ ठेवून हसत होती. तसा तो पुढे झाला.

"आधी दिवा अर्धा तास तापू द्यायचा," तो म्हणाला आणि विभागप्रमुखांकडे वळला, "आणि सर, तुम्ही जरा उजेडातून बाजूला व्हा."