पलीकडचं निशाण

मित्रांनो, शेडचं दार उघडलंच आहे तर जरा आतपर्यंत या. त्या फाटक्या जाळ्या बाजूला सारा. त्यांच्या मागे तीन चाकांची, लांब दांड्याची, अंगावर पांढरी पुटं चढलेली जी गंजकी वस्तू दिसते ना, ती मी. मैदानावर फक्कीच्या रेघा मारायची गाडी. एकेचाळीस वर्षं मी टिलफर्ड कॉलेजच्या मैदानावर रेघा मारल्या आणि एक सोडली तर साऱ्या सरळ मारल्या. त्या एकीबद्दलच सांगायचं आहे. पण आधी थोडं माझ्याबद्दल ऐका, म्हातारीला तेवढी मुभा द्या.

माझा जन्म कारखान्यातला नाही. ओहायोतल्या या आमच्या गावात हर्मन नावाचा लोहार होता. बी पेरायच्या जुन्या यंत्राचा डबा, मोडक्या बाबागाडीची तीन चाकं आणि नळाचा दांडा जोडून त्याने मला उभी केली. "दिसायला ध्यान आहे, पण चालेल सरळ," असं म्हणून त्याने मला एका सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या हाती दिलं. तो तरुण त्याच आठवड्यात कॉलेजात लागला होता. वेंडेल स्ट्रोबेल त्याचं नाव. सॉकरच्या मुलांचा नवा कोच.

आमच्या गावात फुटबॉल म्हणजे बगलेत मारून पळायचा तो अंडाकृती चेंडू. त्यांच्यासाठी बँड, त्यांच्यासाठी दिवे. पायाने खेळणाऱ्या आम्हा सॉकरवाल्यांना कुत्रं विचारत नसे. आमच्या कोचची पदवी तेवढी मोठी, कामं मात्र सतरा. सकाळी पोहण्याचा वर्ग घ्यायचा, दुपारी सराव, मग पोरांचे चिखलाचे कपडे धुवायचे, जाळ्या शिवायच्या आणि परगावच्या सामन्याला व्हॅनही स्वतःच हाकायची. दोनदा त्याला मोठ्या विद्यापीठांतून बोलावणं आलं. पहिल्यांदा म्हणाला, यंदाची पोरं फार चांगली आहेत, त्यांना सोडून कसा जाऊ? दुसऱ्यांदा म्हणाला, यंदाची पोरं अगदीच कच्ची आहेत, त्यांना सोडून कसा जाऊ? मग बोलावणी यायची थांबली.

सामन्याच्या दिवशी सकाळी, गवतावरचं दव वाळलं की कोच मला बाहेर काढायचा. रेघांच्या प्रत्येक कोपऱ्याला जमिनीत पाइपचा तुकडा पुरलेला असे. त्यात लाल निशाण खोचायचं, दुसऱ्या टोकापासून माझा दांडा धरायचा आणि निशाणाकडे बघत चालायचं. एखादं पोरगं वर्गाला दांडी मारताना सापडलं की त्याची शिक्षा म्हणजे मी. पोरगं माझ्या चाकाकडे बघत बघत ढकलायचं आणि रेघ नदीसारखी वळणं घ्यायची. मग ती रेघ पुसायला लावत मागून कोचची गर्जना यायची, "चाकाकडे काय बघतोस, लेका? पलीकडच्या निशाणाकडे बघ!" किती पोरांना त्याने हे सांगितलं असेल, गणती नाही.

आमच्याकडे एक रीत होती. चौथ्या वर्षाच्या मुलांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना असला की मधलं वर्तुळ ती मुलं मारायची. मध्ये खुंटी, खुंटीला दोरी, दोरीच्या टोकाला मी, आणि पोरं आळीपाळीने मला फिरवायची. कडेला त्यांच्या आया हातात फुलं घेऊन डोळे पुसत उभ्या. पण गोलसमोरची पेनल्टीची चौकट मात्र कोच कुणाला मारू देत नसे. "तिथे माणसं जिंकतात आणि हरतात," म्हणायचा. "ती मीच मारणार."

आता दुःखाचं सांगते. कोचची साठी उलटली आणि त्याची नजर मधूनच पुसट व्हायला लागली. जवळचं दिसे, लांबचं दिसेना. ही गोष्ट दोघींनाच ठाऊक होती, मला आणि त्याच्या बायकोला, अर्लीनला. तिने एक युक्ती काढली. सामन्याच्या सकाळी पिवळाधमक रेनकोट घालून पलीकडच्या कोपऱ्यात निशाणाजागी स्वतःच उभी राहायला लागली. ऊन असो, थंडी असो, रेनकोट अंगात. पोरं हसायची, "मिसेस स्ट्रोबेल, आज पाऊस आहे का?" ती म्हणायची, "येईल, येईल, तुम्ही आपली बुटं घासा." आणि कोच तिच्याकडे बघत सरळ चालत यायचा.

मग एका हिवाळ्यात अर्लीन गेली. पिवळा रेनकोट कोचच्या दारामागे अडकवलेलाच राहिला. त्याने व्हॅन चालवणं सोडलं, पाठ दुखते असं सगळ्यांना सांगितलं. रेघा तो आता पायांनी मारायचा. पाइपची भोकं बुटाने चाचपून शोधायची, पावलं मोजायची, मला ढकलायचं. क्रीडाविभागाच्या प्रमुखांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी त्याला घरी बसवला असता. आणि घरी होतं काय त्याला? तो रेनकोट. म्हणून तो लपवत होता आणि मीही त्याला साथ देत होते.

त्या वर्षी टिलफर्डची पोरं अशी काही खेळली की विचारू नका. कप्तान होता टोबिन यॉडर. शेतकऱ्याचा मुलगा, चौथ्या वर्षाचा, पहिल्या वर्षी मला ढकलायची शिक्षा भरपूर भोगलेला. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना हॉर्नबी कॉलेजशी. जिंकलो तर एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा विभागाच्या स्पर्धेत, बरोबरी झाली तरी घरी.

हॉर्नबीचा कोच गस पावलिकही तसलाच मुरलेला, छत्तीस वर्षं त्याच बाकावर बसलेला. दरवर्षी येताना बायकोने केलेला अक्रोडाचा रोल घेऊन यायचा आणि आल्या आल्या कोचला डिवचायचा.

"काय रे म्हाताऱ्या, अजून मेला नाहीस?"

"तुझी पोरं पास द्यायला शिकेपर्यंत थांबलोय, गस."

"मग अमर आहेस तू!"

पण त्या दिवशी पावलिक यायच्या आधीच गडबड झाली होती. सकाळी कोच चौकट मारत होता. तिच्या पूर्वेकडच्या कोपऱ्याशी दोन भोकं होती, एक आमचं आणि दोन यार्ड बाहेर एक हॉकी खेळणाऱ्या मुलींचं. कोचचा बूट त्या दुसऱ्या भोकाला लागला. त्याने निशाण तिथेच खोचलं. अलीकडून मला ढकलत, पुढचं काही दिसत नसताना, त्याने रेघ मारली. मला चाकांतून कळत होतं, आपण बाहेर बाहेर सरकतोय. पण मला बोलता कुठे येतं!

रेघ झाल्यावर तो सवयीप्रमाणे गोलच्या रेघेपासून सरळ त्या कोपऱ्यापर्यंत पावलं मोजत आला. अठराव्या पावलाला रेघ लागायला हवी. अठरा झाली, एकोणीस झालं, विसाव्याला बुटाला फक्की लागली. तो थबकला. तेवढ्यात मैदानाच्या टोकाला मुलांच्या आया फुलं घेऊन यायला लागल्या, पोरं वर्तुळासाठी दोरी मागायला लागली. चूक झाली म्हणायचं तर कशी झाली हेही सांगावं लागलं असतं. कोच माझ्या दांड्यावर वाकला आणि हळूच म्हणाला, "कुणाच्या लक्षात येणार आहे!"

खरंच कुणाच्या लक्षात आलं नाही. रेफरी डेलानीबाई सामन्याला जेमतेम पोचल्या. त्यांनी जाळ्या ओढून बघितल्या, रेघांवरून एक नजर फिरवली आणि शिट्टी मारली.

सात मिनिटं उरली होती. एक-एक बरोबरी. टोबिन चेंडू घेऊन उजवीकडून घुसला आणि हॉर्नबीच्या बचावपटूने त्याला आडवा केला. कुठे? अगदी त्या पूर्वेच्या कोपऱ्यात, रेघेच्या हातभर आत. डेलानीबाईंनी शिट्टी फुंकून पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. आमची माणसं नाचायलाच लागली. गोलकीपरसमोर एकटा टोबिन, आणि पेनल्टी तर तो झोपेतही चुकवत नसे.

मी नेहमीसारखी बाकाशेजारी उभी होते आणि कोचचा हात माझ्या दांड्यावर होता. "कुठे पाडलं?" त्याने शेजारच्याला विचारलं. "कोपऱ्यात, कोच! रेघेच्या जेमतेम आत!" मित्रांनो, खरं सांगते, मी मनात म्हणत होते, गप्प बस रे बाबा. एकोणीस वर्षं झाली. तुझी नोकरी जाईल. कुणाला काही कळलेलं नाही. गप्प बस.

कोच उठला आणि मैदानात चालत गेला.

"बाई, पेनल्टी देऊ नका."

डेलानीबाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अहो कोच, तुमच्याच पोराला पाडलंय!"

"पाडलंय, पण बाहेर पाडलंय. ती रेघ चुकलीय. सकाळी मी मारली."

पावलिक धावत आला. "वेंडेल, डोकं ठिकाणावर आहे का? मला पेनल्टी माफ करतोस?"

"मोजून बघ, गस. तुझे पाय अजून चांगले आहेत."

पावलिकने गोलच्या रेघेपासून पावलं मोजली. सगळं मैदान बघत होतं. अठरा झाली तरी रेघ लांबच. तो विसाव्या पावलावर थांबला. बाईंनी फीत मागवून मोजलं, तरी तेच.

"सकाळी लक्षात आलं नाही तुमच्या?" बाईंनी विचारलं.

"आलं होतं."

"मग?"

"वाटलं, कुणाला कळणार नाही." कोचने टोपी काढली. "आणि पुसून पुन्हा मारली असती तरी सरळ आली असती कशावरून? मला पलीकडचं निशाण दिसत नाही, बाई. दोन वर्षं झाली."

आमचे क्रीडाप्रमुख पायरीवर बसले होते, ते उभे राहिले. मी तर शरमेने आणि दुःखाने अर्धी झाले. टोबिन मात्र भडकला. "चार वर्षं, कोच! चार वर्षं राबलो आम्ही यासाठी!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कोच म्हणाला, "माहीत आहे, बाळा."

बाईंनी निकाल दिला. पेनल्टी नाही, बाहेरून फ्री किक. पण आधी रेघ नीट करा, त्याशिवाय खेळ पुढे जाणार नाही. पोरांनी बुटांनी घासून जुनी रेघ पुसली. कुणीतरी मला ओढत आणलं. कोचने माझा दांडा टोबिनकडे केला. "तू मार. मी नको."

टोबिन दांड्याकडे बघत राहिला. मग त्याने तो धरलाच नाही. पाठ फिरवून तो चालत गेला. मला वाटलं, पोरगं मैदान सोडून निघालं. पण तो गेला पूर्वेच्या कोपऱ्याकडे, खाली वाकला, आमचं खरं भोक हाताने शोधलं आणि त्यावर पाय रोवून उभा राहिला.

"कोच!" तो ओरडला. "चला, इकडे या! आणि चाकाकडे बघू नका, लेको!"

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि हसता हसता आया पुन्हा डोळ्यांना पदर... छे, पदर कुठला आमच्याकडे, हातरुमाल लावायला लागल्या. कोचने माझा दांडा घट्ट धरला. मान वर केली. समोर त्याला धुकंच दिसत असणार.

"इकडे, कोच! थोडं डावीकडे! हां, या, या!"

आणि आम्ही निघालो. चव्वेचाळीस यार्ड. टोबिन हाका मारत होता, कोच त्या आवाजाच्या रोखाने चालत होता आणि मी फक्की सोडत होते. आयुष्यात मी इतकी सांभाळून कधी चालले नाही. टोबिनच्या बुटाला माझं पुढचं चाक टेकलं तेव्हा कुठे कोच थांबला. "कशी आलीय?" त्याने विचारलं.

"सरळ," टोबिन म्हणाला.

फ्री किक टोबिननेच मारली. चेंडू आडव्या दांड्यावर आदळून बाहेर गेला. बरोबरी झाली, स्पर्धा हुकली. पावलिकने अक्रोडाचा रोल कोचच्या हातात कोंबला आणि बाजूला जाऊन बराच वेळ नाक शिंकरत राहिला. डिसेंबरात कॉलेजने कोचचा निरोपसमारंभ केला. पुढच्या वर्षी मैदानावर प्लास्टिकच्या गवताचा हिरवा गालिचा आला, त्यात रेघा विणूनच आलेल्या, कधी न पुसणाऱ्या. मग माझं काय काम? मला इथे आणून ठेवलं.

पहिली दोन वर्षं या शेडकडे कुणी फिरकलं नाही. चाकं जाम झाली, डब्यात उंदरांनी बिऱ्हाड केलं. तिसऱ्या ऑगस्टात कुलूप वाजलं. पावलिकचा आवाज आला, "आत ये, म्हाताऱ्या, उंबरा आहे, पाय वर घे." तोही आता निवृत्त. तोच गाडीतून कोचला घेऊन आला होता. कोचने जाळ्या चाचपत चाचपत माझा दांडा शोधला आणि त्यावर हात ठेवला. सोबत तेलाची डबी आणली होती. दोघा म्हाताऱ्यांनी मला मागच्या सरावाच्या मैदानावर नेलं, जिथे अजून गवत आहे. पावलिक पलीकडे जाऊन उभा राहिला आणि एकेक अस्सल शिवी हासडत कोचला बोलवत राहिला. आता दर ऑगस्टात ते येतात. सरावाला येणारी नवी पोरं त्या रेघांवरच पहिल्या दिवशी पळतात.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल घाला, गंज काढा, हे सगळे सांगतात, मीही सांगते. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. आयुष्यभर सरळ चाललेल्या एखाद्या माणसाला पुढचं दिसेनासं होईल, त्याच्या हातून एक रेघ वाकडी जाईल. तेव्हा त्याच्या हातातला दांडा काढून घेऊ नका. तुमचे पाय धड आहेत ना? मग पलीकडे जा, बरोबर जागा शोधून उभे राहा आणि त्याला हाक मारा.