त्याच नावाचं यंत्र

क्षमानं नवा सर्व्हर पुन्हा एकदा बंद करून सुरू केला आणि खुर्चीच्या कडेला टेकून पडद्याकडं बघत बसली. चांगली आशा लावून त्यानं सकाळचंच रडगाणं गायलं: या नावाचं यंत्र नेटवर्कवर आधीच आहे, नोंद करता येत नाही.

"आहे तर दाखव ना मेल्या, कुठं आहे ते!"

आटपाडीकडच्या त्या साखर कारखान्यात सर्व्हर बदलणं हे तिचं नोकरीतलं पहिलंच काम. वजनकाट्यापासून गोदामापर्यंतचे सगळे कॉम्प्युटर जुन्या सर्व्हरला नावानं शोधायचे, म्हणून नव्यालाही तेच नाव द्यायचं होतं. आणि नेटवर्कवरच्या नावांची नोंद ठेवणारं डीएनएस ते घ्यायला तयार नव्हतं. उद्या सकाळी चेअरमन मोळी टाकून यंदाचं गाळप सुरू करणार. उसाच्या गाड्या आजच फाटकाबाहेर लागलेल्या. काटा चालला नाही तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. साताऱ्यात वडील तर टपूनच बसले होते, पोरगी कधी हात हलवत परत येते आणि कधी स्थळं दाखवतो.

नवा सर्व्हर पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतला माणूस फोनवर एकच विचारायचा, "जुना सर्व्हर बंद आहे ना?"

बंदच होता. तो सांभाळणाऱ्या आप्पासोंनी स्वतः तसं सांगितलं होतं.

शेवटी काहीच सुचेना, तेव्हा ती भिंतीवरच्या वायरीच्या मागं मागं चालू लागली. वायर स्टोअरमागच्या जुन्या खोलीत गेली. तिनं दार ढकललं. जुना सर्व्हर मजेत घरघरत होता. गळ्यात दसऱ्याचा सुकलेला झेंडूचा हार, कपाळाला कुंकू. शेजारी स्टुलावर आप्पासो.

"आप्पासो! अहो, बंद केलाय म्हणालात ना?"

आप्पासो टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "म्याडम, चेअरमनसायब दर खंडेनवमीला ह्याला हळदकुंकू लावत्यात. समद्यांम्होरं म्हणत्यात, हे यंत्र चालतंय तवर तुमची खुर्ची हाय. औंदाबी म्हणले."

सणावाराला माणूस चार शब्द गोड बोलतो. कारखान्यातल्या शिपायालाही हे कळत होतं. आप्पासोंनी मात्र तो शब्द देवापुढचा म्हणून पदरात बांधून घेतला होता. क्षमाला त्यांचा राग आला आणि लगेच कीवही आली.

"ह्यो चालू ठिवला तर तुमचं अडतंय व्हय?"

"अडतंय. एका नावाची दोन यंत्रं चालत नाहीत."

"मग त्याला दुसरं नाव द्या की."

"सगळे कॉम्प्युटर नव्यानं बसवावे लागतील. उद्यापर्यंत नाही व्हायचं."

"न्हाई झालं तर तुमास्नी काय करत्यात?"

"घरी पाठवतील. मी अजून कायम कुठं आहे?"

तिनं बटणाकडं हात नेला. एवढंसं बटण! पण ते काही तिच्यानं दाबवेना. आप्पासो तिच्या हाताकडं बघत होते. ती तशीच मागं फिरली.

टेबलावर डोकं टेकून ती चेअरमनना काय सांगायचं ते जुळवत राहिली. काहीही सांगितलं तरी ते बावळटपणाचंच वाटणार होतं. मग उठायच्या आधी, नुसतंच आपलं म्हणून, तिनं पुन्हा नोंद करून पाहिली.

नाव लागलं. लगोलग काट्यावरून फोन आला, "म्याडम, चालू झालं बघा! लय झ्याक!"

ती धावतच जुन्या खोलीत गेली. यंत्र गप्प होतं. आप्पासो ओल्या फडक्यानं त्याच्यावरचं कुंकू पुसत होते.

"आप्पासो, तुम्ही बंद केलात?"

"म्या कशाला बंद करू?" त्यांनी मान वर केली नाही. "लाईट गेली व्हती पोरी. त्यात गेलं ते. जुनं झालंय, आता काय उठत न्हाई."

डोक्यावर पंखा गरगरत होता. क्षमानं वर बघितलं नाही.

"हो," ती म्हणाली, "माझ्याकडंही गेली होती."