महेबूबच्या हातची वीणा

संतरामनं मान वाकडी करून पट्टा खांद्यावरून थोडा सरकवला. बोट मात्र तारेवर चालूच ठेवलं.

शिरड शहापूरच्या मंदिरात सप्ताह अर्धा सरला होता. तो संपेपर्यंत वीणा खाली टेकवायची नाही, तिचा आवाज बंद पडू द्यायचा नाही. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, मगच घरी जायचं. संतरामचा पहारा सकाळीच संपला होता. त्याच्यामागून सोनाजी उभा राहणार होता, पण तो आलाच नाही. ज्वारीची मळणी, सगळं गाव खळ्यावर. मंदिरात म्हातारे माणिकराव तेवढे खांबाला टेकून घोरत होते.

पहिल्या दिवशी हीच वीणा धरायला माणसं भांडली होती. बाळापूरच्या महेबूबनं ती वर्षभर बसून घडवली. भोपळा स्वतःच्या छपरावर वाळवला. दूरदेशी चाललेल्या लढाईपायी चांगली तार मिळेना, तर काम अडवून बसला, पण हलकी तार लावली नाही. संतराम दर बाजाराला त्याच्याकडं जायचा आणि शिसवाच्या दांडीवर नुसता हात फिरवून यायचा. वीणा गावचे पाटील व्यंकटराव यांनी विकत घेतली, मंदिराला दिली.

आता तीच दांडी खांद्याच्या हाडात रुतत होती. बोट सुजलं होतं.

त्याची बायको जिवनबाई भाकरीचं फडकं घेऊन आत आली.

"घरी यायचं हाय का न्हाई?"

"सोनाजी आला न्हाई."

"त्यो कशाला येतोय! त्याला ठाव हाय, तुमाला ही सवत सोडवत न्हाई."

"हळू बोल. माणिकराव झोपून राहिले."

"खाऊन घ्या."

"कसं खाऊ? हात मोकळा हाय का?"

तिनं घास मोडून त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड फिरवलं. देवापुढं, बायकोच्या हातानं! तेवढ्यात पट्टा खांद्यावरून निसटला. वीणा घसरली, त्यानं कशीबशी सावरली.

"पडली म्हंजे?"

"सप्ताह मोडंल. व्यंकटराव गावात ठेवणार न्हाईत."

जिवनबाईनं दाराकडं पाहिलं. फडकं ठेवलं, पदर खोचला.

"द्या इकडं."

"काहून येडी झालीस? बाईच्या गळ्यात वीणा देत न्हाईत."

"आन् खाली पडली तर चालती?"

पट्टा त्याच्या गळ्यातून तिच्या गळ्यात गेला. क्षणभर तारेवर दोघांचीही बोटं होती. मग त्यानं आपलं काढलं.

तो खांबाआड बसला. पहिला घास तोंडात घातला आणि चावायचा थांबला. ही वीणा त्यानं पाहिली होती, हाताळली होती, कानाशी धरली होती. लांबून कधी निवांत ऐकलीच नव्हती. जिवनबाईचा हात जात्यावर चालावा तसा एका लयीत चालला होता. आवाज घुमत वर जायचा, थोडा वेळ तिथंच राहायचा. तिनं डोळे मिटले होते.

माणिकरावांचं घोरणं बंद झालं होतं. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

भाकर संपली. संतरामनं फडक्यावरचा शेवटचा कण टिपला.

"झालं का?" जिवनबाईनं डोळे न उघडता विचारलं.

त्यानं रिकामं फडकं मांडीवर नीट पसरलं.

"न्हाई," तो म्हणाला. "अजून लई हाय."