जिन्याचं खालचं टोक

"अगं, खालच्या टोकाला कोण लागलंय तेवढं बघ," उंट्या म्हणाला.

"तुम्हीच बघा की, दार उघडंच आहे," बायको म्हणाली. "सकाळपासून नुसते कान टवकारून बसलाय."

वरच्या मजल्यावरचं लोखंडी कपाट आज उतरायचं होतं आणि ते उतरवायला आला होता गिड्डू. वीस वर्षं त्याने आणि उंट्याने मिळून लोकांची कपाटं वाहिली. जिन्यात गिड्डू वर, उंट्या खाली. खालच्यावर सगळा भार येतो, पण देवानेच ताडमाड उंची दिलेली, तक्रार कुणाकडे करणार? पाठी मात्र दोघांच्याही एकाच वर्षी गेल्या. गिड्डूचा पाय बधिर झाला म्हणून त्याचं ऑपरेशन झालं. दबलेली नस मोकळी केली आणि वर्षभरात गडी ठणठणीत. उंट्याला डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात, कापाकापीची गरज नाही." मग टेबलावर उताणं निजायचं, एक पट्टा छातीला, एक कमरेला, आणि मशीन मणका ओढतंय. बावीस वेळा ओढून घेतलं. टेबलावर बरं वाटायचं, घरचा जिना चढला की येरे माझ्या मागल्या. डोंबलाचं नशीब! भार वाहिला याने आणि बरा झाला तो. गिड्डूने सदरा वर करून टाके दाखवले, त्या दिवशी उंट्याला जेवण गेलं नव्हतं.

तो कमरेचा पट्टा आवळत दारात आला. वरच्या वळणावर कपाट दिसलं. खाली नवाच माणूस, रेड्यासारखा दणकट. आपल्या जागेवर! उंट्याचा जळफळाट झाला.

कपाट वळणावर अडकलं.

"अडकलं वाटतं," बायको म्हणाली.

"अडकू दे." त्याला मनापासून बरं वाटलं. वळण कसं काढायचं हे खालच्याचं काम. गिड्डूला काय कळतंय कपाळ!

"तू वर जा, मी घेतो खालून," गिड्डू नव्याला म्हणाला आणि कठड्याला चिकटून खाली उतरला. त्याची पाठ उंट्याकडे होती. तो वाकला तसा सदरा वर सरकला, बोटभर व्रण दिसला. जोर लावताना त्याचा पाय लटपटला.

मोड लेका, मोड पाठ. बघू दे मशीन तुला कसं ओढतं ते.

आणि दुसऱ्याच क्षणी उंट्या ओरडला, "ठेव खाली, गाढवा! मरायचंय का? कपाट उभं कर! भिंतीपासून वीतभर सोड, आता कोपऱ्यावर फिरव. उचलू नकोस, फिरव!"

कपाट कुरकुरत फिरलं. गिड्डूने घाम पुसून मागे पाहिलं. "तुझ्याशिवाय जमत नाही बघ."

"जमेल," उंट्या म्हणाला. "तू वर हो. खाली त्याला येऊ दे."

नवा माणूस खाली आला, टोकाशी उभा राहिला. वरून गिड्डूने सवयीने हाक दिली, "उंट्या, घे!"

दारातल्या उंट्याचे गुडघे वाकले, दोन्ही तळवे पुढे झाले.

"घेतलं," नवा माणूस म्हणाला.

उंट्या तसाच वाकलेला राहिला. बायकोने काखेत हात घालून त्याला सरळ केलं, तोवर कपाट त्याच्या दारावरून खाली गेलंही होतं.